दाखल्याची मागची बाजू

बर्स्लेम
२४ मार्च १९८०

चि. बेरिल हिस एनिडचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे ऊबदार आहेत, पण डावा उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे. शाळेतही तू असंच विणायचीस आणि बाईंना सांगायचीस की माझ्या ताईचे पायच तसे आहेत. तरी रोज घालते.

बातमी चांगली नाही. शुक्रवारी कारखान्याची भट्टी विझली. मालक स्वतः रंगखोलीत आले, टोपी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, की ऑर्डरीच नाहीत, सहा महिने कळ काढा, फार तर वर्ष, मग सगळ्यांना परत बोलावतो. आमच्या बाकावरची डोरा कशी आहे तुला ठाऊक आहे. ती म्हणाली की अठ्ठावीस वर्षं तुमच्या कपांना सोनेरी रेघ मारतेय, एकदाही त्यातून मला चहा पाजला नाहीत, आज तरी पाजा. मालकांनी खरंच पाजला. कोणाला तो गिळवला नाही, ही गोष्ट वेगळी.

मला मात्र काम मिळालं आहे. ब्लूर म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांची स्वतःची लहानशी भट्टी आहे. ते कोरे कप घरी आणून देणार, मी स्वयंपाकघरात कप फिरवायची फिरकी मांडून कडेची रेघ मारायची, ते नेऊन भाजणार. जितके नग, तितके पैसे. पण त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की बाई, तुम्ही माझ्या नोकर नाही, तुमच्या तुम्ही मालकीण. कर आणि आजारपण-म्हातारपणाच्या सरकारी विम्याची तिकिटं तुमचं तुम्ही बघायचं. एकावन्नाव्या वर्षी मालकीण झाले बघ, आणि ते कळलं ओट्यापाशी उभी असताना.

तर तू सांग. हे सगळं तात्पुरतं आहे. तेवढ्यासाठी कार्ड काढून दर आठवड्याला तिकीट चिकटवावं लागेल का? आणि कराचं काय? तू कर कचेरीत बसतेस, तुला हे पाठ असणार. या महिन्यात घरात इतके सरकारी कागद आले, की आता पाकीट फोडायलाही हात धजत नाही. यापुढे घरभाडं या रेघेवरच निघायचं आहे. चूक करून चालणार नाही.

कबुतरं बरी आहेत. करड्या मादीने दोन अंडी घातली आहेत.

तुझ्या मांजरीला एक चापट दे, पण हळू. आम्हा दोघांकडून खूप माया. लोभ आहेच, तो आणखी मागत नाही.

तुझी,
एनिड


कार्लाइल
३१ मार्च १९८०

ती. एनिडताईस बेरिलचा सा. न. वि. वि.

मोज्याबद्दल बोलायचं कारण नव्हतं. तुझा डावा पाय खरंच लांब आहे.

कारखान्याचं वाचून वाईट वाटलं, पण तू हातावर हात ठेवून बसली नाहीस हे वाचून बरं वाटलं. आता तुझे प्रश्न, एकेक करून, आमच्या साहेबांच्या पद्धतीने.

कर. तात्पुरतं असो की कायमचं, सरकारच्या लेखी तू आता स्वतंत्र व्यवसाय करणारी बाई आहेस. एक वही घाल. डाव्या पानावर ब्लूरसाहेबांकडून काय आलं, उजव्या पानावर तुझा खर्च. कुंचले, टर्पेंटाइन, रंगात घालायचं बडीशेपेचं तेल, स्वयंपाकघराच्या कोळशातला थोडा वाटा, हे सगळं लिहायचं. ओटकेक आणि चीज लिहायचं नाही. मागच्या वर्षी एका न्हाव्याने कुत्र्याचं खाणं खर्चात धरलं होतं, दुकानाचा पहारेकरी म्हणून. साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, की कुत्रा आजवर किती गिऱ्हाइकांना चावला त्याची यादी आणा. शिवाय मिळेल त्यातला पाचवा हिस्सा आईच्या निळ्या किटलीत टाकत जा आणि ती किटली आहे हे विसरून जा. कर भरायच्या वेळी मी आठवण करीन.

विम्याचं तर तुझं फारच सोपं आहे. कामगारांची तिकिटं बंद झाली, त्यांचं पगारातूनच कापून जातं. स्वतःचं काम करणाऱ्यांना अजून पोस्टातून तिकीट घेऊन कार्डावर चिकटवावं लागतं. पण तुला नाही! लग्न झालं त्या वर्षी कारखान्यात तू एक फॉर्म भरलास, आठवतो? तेव्हा सगळ्याच नव्या नवऱ्या तो भरायच्या. लग्न झालेल्या बाईने पूर्ण वर्गणी द्यायची नाही, छोटं तिकीट घ्यायचं. तिचं पुढचं सगळं नवऱ्याच्या तिकिटावर. अशा बाईने घरी काम धरलं तर तिला तिकीटच माफ. कारखान्याची कचेरी तुला त्याचा दाखला परत देईल. तो घड्याळामागे ठेव आणि कोणी विचारलं तर दाखव. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात बरंच छापलेलं असतं, ते वाचून डोळे फोडू नकोस. नवरा वारला तर काय करा, घटस्फोट झाला तर काय करा, असल्या भानगडी आहेत. तुझा कबुतरवाला क्लिफर्ड आणखी तीस वर्षं तरी कुठे जात नाही.

मी मात्र सोळाव्या वर्षापासून पूर्ण तिकीट भरते आहे. माझं ओझं वाहायला कोणी पुढे आलं नाही ना!

क्लिफर्डला सांग, मी त्याच्यावर रागावले आहे. दोन वर्षांत एक ओळ नाही. बाबा मला दुकानात बसवायला निघाले होते, तेव्हा त्यानेच त्यांना सांगितलं की पोरीला परीक्षा देऊ द्या, नाही पास झाली तर मी तुमचं दुकान झाडीन. माझ्या कचेरीतल्या खुर्चीचा एक पाय त्याच्या मालकीचा आहे. त्याला माझा खास नमस्कार.

तुझा हात असाच स्थिर राहो. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
बेरिल


बर्स्लेम
९ नोव्हेंबर १९८०

चि. बेरिलला अ. आ.

उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. कप संपत नाहीत. फळ्यांवर, खिडकीत, जिन्याच्या पायऱ्यांवर, सगळीकडे कप. घराला बडीशेपेचा वास भरून राहिला आहे. शेजारच्या मिसेस टॅम्स म्हणतात, की तुमच्या दारावरून गेलं की वाटतं आत गोळ्यांचं दुकान आहे, आणि आत येऊन बघावं तर देतात काय, कोरा चहा.

कारखाना उघडला नाही. आता मालक वर्षाचं नावही घेत नाहीत. डोरा शाळेत भांडी घासायला लागली. ती म्हणते, की तिथल्या प्लेटांना रेघ नाही हे एक बरं आहे, नाहीतर पुसताना जीव तुटला असता.

ब्लूरसाहेब वाईट नाहीत, पण सोन्याच्या बाबतीत फार काटेकोर. कुंचला पुसायच्या चिंध्यासुद्धा मोजून परत नेतात, त्या जाळून त्यातलं सोनं काढतात म्हणे. मी म्हटलं, माझ्या बोटांना लागलेलं राहिलं, तेही जाळून घ्या. ते इतके लाजले की त्या दिवशी एक चिंधी विसरून गेले.

तू सांगितलंस तशी वही लिहिते. दाखला घड्याळामागे आहे. दर गुरुवारी मी पोस्टात जाते, तेव्हा खिडक्या पुसणारा आर्थर आपलं तिकीट घेऊन तिथेच जिभेने ओलं करून कार्डावर चिकटवत असतो. परवा मला म्हणाला, की तुम्हा बायकांची मजा आहे बुवा, तुम्हाला नवरा आहे, तिकीट नको न् काही नको. मी हसले. दुसरं काय करणार? घरी येईपर्यंत ते वाक्य पायात येत राहिलं.

नाताळला या वर्षीही येऊ नकोस, बेरिल. खरंच बसायला जागा नाही. खुर्च्यांवरसुद्धा फळ्या आहेत. वसंतात बघू.

करडीची दोन्ही पिल्लं उडायला लागली. कबुतरखान्याचं छप्पर गळत होतं, ते पत्रा ठोकून नीट केलं.

थंडीत छाती जप. आम्हा दोघांकडून माया.

एनिड


कार्लाइल
२१ जून १९८१

ती. ताईस सा. न.

तुझी वही पाहिली. मी वीस वर्षं लोकांच्या वह्या बघते आहे, पण इतकी सुंदर पाहिली नाही. बेरजेखाली सोनेरी रेघ कोणी मारतं का? आमच्या कचेरीत सगळ्यांना दाखवावीशी वाटली, पण नियमात बसत नाही. फॉर्म भरून सोबत पाठवते आहे. तू फक्त सही कर आणि निळ्या किटलीतून तेवढे पैसे काढ. राहतील ते तुझे.

माझं एक गाऱ्हाणं आहे. क्लिफर्डच्या वाढदिवसाला मी कार्ड पाठवलं, गेल्या वर्षीही पाठवलं होतं, दोन्हीचं उत्तर नाही. त्याला माझं काही लागलं आहे का? लागलं असेल तर तू मध्ये पडू नकोस, मला सरळ सांगू दे त्याला. नाहीतर तुम्ही दोघं ऑगस्टमध्ये इकडेच या. समोरासमोर भांडू आणि मग समुद्रावर जाऊ.

मी एकटी बसून असा विचार करत असते. वय झालं की माणसं आपल्याला विसरतात, की आपणच विसरण्यासारख्या होतो? जाऊ दे. मांजर पत्रावर येऊन बसली आहे, म्हणून थांबते.

लोभ होता तेवढा आहे ना?

बेरिल


बर्स्लेम
१७ जानेवारी १९८२

चि. बेरिल,

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

सोमवारी मागच्या पायरीवर बर्फावरून पाय गेला. कबुतरांचं पाणी गोठलं होतं, कोमट पाणी नेत होते. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात हात बसवला, प्लास्टर केलं. डॉक्टर म्हणाले की आठ आठवडे तरी काम नाही, आणि पुढे बारीक कामाचं आत्ताच काही सांगता येत नाही.

ब्लूरसाहेब कप परत घेऊन गेले. ते तरी काय करतील?

मला आजारपणाचा भत्ता मिळेल का? मिसेस टॅम्स कचेरीतून फॉर्म घेऊन आल्या आहेत. भरण्याआधी तुला विचारावं म्हटलं. भत्ता मिळाला तर घर राहील.

माया आहेच.

एनिड


कार्लाइल
१९ जानेवारी १९८२

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र काल दुपारी आलं. तुझ्या घरी फोन असता तर काल संध्याकाळी तुझा आवाज तरी ऐकला असता. इतक्या बर्फात कबुतरांना पाणी द्यायला तू कशी? क्लिफर्ड कुठे होता? त्याची कबुतरं, त्याने उठायचं. हे त्याला वाचून दाखव.

भत्त्याचं जे आहे ते सांगते, चिडू नकोस. छोट्या तिकिटाच्या बाईला आजारपणाचा भत्ता नसतो. सरकार धरून चालतं, की तिला सांभाळणारा घरात आहे. मला हे कधीच पटलं नाही, पण कायदा माझ्या पटण्यावर चालत नाही. तेव्हा तो फॉर्म भरून उगाच हेलपाटे घालू नकोस. आता काही महिने क्लिफर्डच्या पगारात भागवा, कमी पडेल ते मी पाठवीन, आणि नको म्हणायचं नाही.

तुझ्या पत्राखाली आम्हा दोघांकडून असं लिहायचं राहिलं. हात दुखत असणार. विश्रांती घे. त्याला म्हणावं, चहा करायला लाग.

तुझी काळजी करणारी,
बेरिल


बर्स्लेम
७ फेब्रुवारी १९८२

चि. बेरिल,

हे पत्र चार दिवस लिहिते आहे. थोडं लिहायचं, उठायचं, परत येऊन बसायचं.

क्लिफर्ड घरी नाही. एकोणऐंशीच्या जून महिन्यात तो गेला. समुद्रकाठी रिलला एक विधवा बाई आहे, तिचं खानावळीसारखं दुकान आहे. आम्ही दोघं तिथे सुट्टीला जात होतो तीच. जाताना त्याने तुझ्यासाठी एक निरोप ठेवला होता. म्हणाला, की बेरिलला तू सांग, माझ्याने होणार नाही. माझ्यानेही झालं नाही. ऐंशीच्या मार्चमध्ये कोर्टाचा शेवटचा कागद आला, भट्टी विझली त्याच्या आदल्या आठवड्यात.

तुला तिकिटांचं विचारलं ते पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत तो गेल्याचं वाक्य होतं. तिसऱ्यात गाळलं. मला वाटलं, नियम तो नियम, जो सगळ्यांना तोच मला, तू उत्तर दिलंस की त्यात माझंही येईलच. तुझं उत्तर आलं आणि त्यात तू त्याला खास नमस्कार पाठवला होतास. मग ते पत्र मी घडी घालून ठेवून दिलं.

मला लाज वाटत होती, हे खरं. तू लग्न केलं नाहीस म्हणून मी तुला किती बोलले आहे. पण त्याहून, तो तुझाही होता. बाबांशी तुझ्यासाठी भांडणारा तो एकटाच. माझा गेला तो गेला, तुझा कशाला काढून घेऊ, असं वाटायचं. तुला खोटं काही लिहिलं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. कबुतरांचं लिहिलं ते सगळं खरं. ती त्याने इथेच ठेवली. पत्रा मी ठोकला. खोटी होती ती फक्त शेवटची ओळ, आम्हा दोघांकडून.

तू नको म्हणालीस तरी फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं: विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. शेवटच्या शब्दापुढे पहिल्यांदा शाईने खूण केली. मग कचेरीत बोलावणं आलं. खिडकीमागे तिशीतला एक गृहस्थ होता, सौम्य बोलणारा. त्याने समजावून सांगितलं, की ज्या दिवशी कोर्टाचा कागद आला त्या दिवशी तुमचं छोटं तिकीट संपलं. तिथून पुढे पूर्ण तिकीट लागू. त्या वर्षी दर आठवड्याला आर्थरसारखं तिकीट चिकटवलं असतं, तर आज हा भत्ता तुमचा होता. चिकटवलं नाही, म्हणून नाही. वर मागची थकबाकी भरायचीच. मी म्हटलं की मला कोणी सांगितलं नाही. तो म्हणाला की बाई, दाखल्याच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं.

घड्याळामागून तो काढून मी त्या दिवशी पहिल्यांदा उलटा केला. चार ओळी आहेत, बेरिल. चारच.

आता घराचं काय होईल माहीत नाही. राग आला असेल तर मोकळेपणाने कर, मी वाचीन.

एनिड


कार्लाइल
११ फेब्रुवारी १९८२

ती. ताई,

नमस्कार लिहायला विसरत होते, घे.

राग आला. खूप आला. दोन वर्षं मी एका रिकाम्या खुर्चीला नमस्कार पाठवत होते. वाढदिवसाची कार्डं तू काय केलीस? मग स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि त्यात क्लिफर्ड कमी होता आणि तू जास्त. त्या सगळ्या फळ्यांमध्ये, पत्रा ठोकत, एकटी. आणि मी तुला लिहीत होते, की माझं ओझं वाहायला कोणी पुढे आलं नाही!

पण आता रागाला वेळ नाही. मी आमच्या कचेरीतलं विम्याचं पुस्तक मागवून दोन दिवस वाचलं. कोर्टाचा कागद आल्यावर कळवायला हवं होतं, त्यात पळवाट नाही. मात्र एक कलम आहे. तिकीट न लावण्यात माणसाची हलगर्जी नसेल, त्याला जाणत्याने चुकीचं सांगितलं असेल, तर उशिरा भरलेली तिकिटंही भत्त्याला धरता येतात. ते ठरवणारे वेगळे, आणि ते कागद मागतात.

तो कागद तुझ्याकडे आहे, ताई. माझं ३१ मार्चचं पत्र. मागची बाजू वाचू नकोस असं मी माझ्या हाताने लिहिलं आहे, आणि मी कर कचेरीतली कारकून आहे. ते पत्र त्या गृहस्थाला दे. माझ्यावर ठपका आला तर येऊ दे. फार तर बढती थांबेल, ती अशीही कोण देतंय? त्यात क्लिफर्डचा उल्लेख आहे, मला ठाऊक नव्हतं हे त्यातून दिसेल. तरी मागची बाजू वाचू नकोस म्हणणारी ती मीच ना? त्याचं काही वजन पडेल. खात्री देत नाही. एवढं पुस्तक वाचून तुला खात्री देता येत नाही, हेच मला खातं आहे. लोकांना मी रोज सांगते, की अर्ज करा, बघू.

म्हणशील तर ते पत्र मी नव्याने लिहून देते, जुन्या तारखेचं, क्लिफर्डचं गाळून. बघ, मी काय लिहायला लागले! हे वाचून फाड.

पण खरं पत्र दे. दे म्हणजे दे. हात जोडते.

बेरिल


कार्लाइल
२५ एप्रिल १९८२

ती. ताईस सा. न.

दहा आठवड्यांत तुझी दोन कार्डं आली, दोन्हींत हवा आणि कबुतरं. पत्र दिलंस का? निकाल लागला का? मनगट कसं आहे? मी दर शनिवारी पोस्टमनला दारातच गाठते. तो आता लांबूनच मान हलवतो.

मी तिकडे यायला निघाले होते, तू कार्डाच्या कोपऱ्यात येऊ नकोस म्हणून कळवलंस. आता पुन्हा फळ्यांचं कारण देऊ नकोस, फळ्या गेल्या आहेत.

काहीही असलं तरी लिही, आणि घर सुटलंच तर माझ्याकडे राहायला ये.

बेरिल


बर्स्लेम
१६ मे १९८२

चि. बेरिल हिस अ. उ. आ. वि. वि.

हे उजव्या हाताने लिहिते आहे. अक्षर ओळखीचं वाटेल, पण फार वेळ नाही जमत.

निकाल आला. भत्ता नाही. मागची तिकिटं भरून घेतली. आईच्या निळ्या किटलीत होतं ते सगळं त्यात गेलं, कर देऊन उरलेलं, माझं म्हणून तू सांगितलं होतंस ते. ती तिकिटं म्हातारपणाच्या पेन्शनला मोजली जातील, हाताला नाही. पोस्टातल्या बाईने गठ्ठाच दिला. घरी आणून एकेक चिकटवली. तिथे उभं राहून आर्थरसारखं करायला जमलं नसतं.

मनगट बसलं म्हणतात. परवा ब्लूरसाहेब एक तडकलेला कप देऊन गेले, बघा म्हणाले. फिरकी फिरवली, कुंचला टेकवला. सुरुवात छान झाली. पण कपाभोवती फिरून रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळायला हवी ना, तिथे ती केसभर खाली आली. पुन्हा केली, पुन्हा खाली. सात वेळा. ब्लूरसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. जाताना त्या कपाची चिंधी न्यायची विसरले, आणि या वेळी मुद्दाम.

सरकारची दुसरी मदत आहे, गरजूंची. एक माणूस येऊन घर बघून गेला. कपाटं उघडण्याआधी दर वेळी माफ करा म्हणाला. ती मिळते आहे, पण तिच्यात या घराचं पूर्ण भाडं बसत नाही. घरमालकांना कळवलं. पाच जूनला किल्ली द्यायची. तू बोलावते आहेस, तर तुझ्याकडे येते. दोन पेट्या आहेत. मांजरीला सांगून ठेव.

कबुतरं लीक गावच्या एका गृहस्थाला विकली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी परत छपरावर. त्याने पुन्हा नेली, पुन्हा आली. तो म्हणाला की बाई, ही तुमचीच आहेत, मला त्रास नको. नव्या भाडेकरूंना विचारलं, त्यांचा सासरा पाळायचा म्हणे. ठेवतो म्हणाले. करडी म्हातारी झाली आहे, तिला दाणे भिजवून द्यायला सांगितलं.

आता तू विचारतेस ते. पत्र मी दिलं नाही.

त्या सौम्य गृहस्थाने दोनदा विचारलं, की जाणत्या कोणी सल्ला दिला होता का, असं लेखी काही आहे का, नीट आठवा. त्याला मला द्यायचंच होतं, बेरिल, हे मला दिसत होतं. पत्र माझ्या पिशवीत होतं. मी म्हटलं, नाही, काही नाही.

तुझ्यावर ठपका येऊ नये म्हणून, असं तू समजशील. तेही होतं. पण ते सगळं नाही. त्या खिडकीपाशी जायच्या आधी बाकावर बसून मी ते पुन्हा वाचलं. त्यात तू माझ्या पायाची थट्टा करते आहेस. न्हाव्याच्या कुत्र्याचं आहे. आणि क्लिफर्ड घरी आहे, तू त्याच्यावर रागावली आहेस, आणि आणखी तीस वर्षं तो कुठे जाणार नाही. त्याचं लिहिलेलं माझ्याकडे काही नाही, कोर्टाच्या कागदाखाली सही आहे तेवढी. हे एकच आहे, ज्यात घर जसंच्या तसं आहे. ते खिडकीच्या फटीतून आत सरकवायचं, मग त्यावर शिक्का मारणार, नंबर घालणार, फायलीत लावणार. माझा हात पुढे गेला नाही. आणि त्या वेळी तो दुखत नव्हता.

मला माहीत आहे, हे शहाणपणाचं नाही. तू रागावशील आणि बरोबर असशील. पत्र घेऊन येते आहे. तुझ्याकडे घड्याळ असेल, त्याच्यामागे ठेवू.

पाचला संध्याकाळी साडेचारच्या गाडीने पोचते. लांब मोजा डाव्या पायात असेल, लगेच ओळखशील.

लोभ आहे. तो आता एकटीकडूनच.

एनिड